वाचकांचे प्रश्न : कुटुंबाच्या लोकेशन ॲपसाठी पैसे भरावेत का?

प्रश्न : आम्ही साताऱ्यात शाहूपुरीत राहतो. यजमान औषधांच्या विक्रीच्या कामामुळे पाटण, कोयनानगर, महाबळेश्वर अशा फिरतीवर असतात. मुलगी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असून रोज एसटीने कराडला जाते-येते आणि मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात हिंजवडीला राहतो. सासरे ७९ वर्षांचे आहेत आणि त्यांना अलीकडे विसरायला होते. मागच्या महिन्यात सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडले ते दोन तास परतले नाहीत. शेवटी गोडोलीच्या तळ्यापाशी एका ओळखीच्या रिक्षावाल्याला दिसले. त्या दिवसापासून सर्वांच्या फोनमध्ये लोकेशन दाखवणारे एक ॲप घेतले आहे. त्यात मोफत प्रकारात दोन दिवसांचा इतिहास, म्हणजे कोण कुठे गेले याची नोंद, दिसतो आणि दोन ठिकाणी कोणी पोहोचल्याच्या किंवा तिथून निघाल्याच्या सूचना मिळतात. त्यावरच्या तीन प्लॅनसाठी पैसे भरावे लागतात. सर्वांत वरच्या प्लॅनमध्ये तीस दिवसांचा इतिहास, अपघात झाल्यास आपोआप मदत, गाडी ओढून नेण्याची सोय, असे बरेच काही लिहिले आहे. यजमान म्हणतात की सुरक्षिततेच्या बाबतीत पैशांकडे पाहू नये आणि सर्वांत मोठा प्लॅन घ्यावा. मुलगी म्हणते की मोफत पुरे आहे. आपण काय सांगाल?
(एक वाचक, शाहूपुरी, सातारा)

उत्तर : तुमचे पत्र वाचताना पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की घरातल्या चौघांविषयी तुमच्या मनातली काळजी चार वेगवेगळ्या प्रकारची आहे. यजमान वेळेवर पोहोचले का, मुलगी कराडच्या एसटीत बसली का, मुलगा बरा आहे ना, आणि सासरे या क्षणी नेमके कुठे आहेत, हे चार प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगवेगळ्या मार्गांनी मिळतात. ॲपचे प्लॅन मात्र या चारही काळज्या एकाच पुडीत बांधून विकतात. म्हणून कोणता प्लॅन चांगला हे ठरवण्याआधी कोणत्या माणसासाठी कोणती सोय लागणार आहे, हे एका कागदावर लिहून काढा.

आता या प्लॅनची रचना पाहू. या प्रकारातल्या सर्वाधिक प्रसिद्ध ॲपांपैकी लाइफ३६० या अमेरिकी ॲपचे उदाहरण घेऊ, कारण इतर अनेकांची मांडणीही साधारण अशीच असते. अमेरिकेत त्यांचे मोफत, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम असे प्रकार आहेत आणि पैसे भरून घ्यायच्या तीन प्रकारांचे मासिक दर अलीकडच्या वर्षांत अनुक्रमे सुमारे ८, १५ आणि २५ डॉलर राहिले आहेत. इतर देशांत प्लॅनची नावे, दर आणि सोयी वेगळ्या असतात, त्यामुळे तुमच्या फोनच्या पडद्यावर रुपयांत जो आकडा दिसतो तोच खरा धरावा. मोफत प्रकारात दोन ठिकाणांच्या सूचना आणि दोन दिवसांचा इतिहास, सिल्व्हरमध्ये पाच ठिकाणे आणि सात दिवस, गोल्डपासून पुढे हवी तितकी ठिकाणे आणि तीस दिवस, अशी ती चढण आहे. एकाने वर्गणी भरली की त्या गटातल्या सर्वांना तिचा लाभ मिळतो, प्रत्येकाने वेगळे पैसे भरायचे नसतात. तुमच्या ॲपमध्येही असेच आहे का, ते आधी तपासून घ्यावे.

तीस दिवसांच्या इतिहासाचा तुमच्या घरात उपयोग कोणाला, याचा मी बराच विचार केला आणि मला एकही माणूस सापडला नाही. सासरे तीन आठवड्यांपूर्वी मंगळवारी कुठे गेले होते, याने आज काही साधत नाही. त्यांच्या बाबतीत गेला अर्धा तास महत्त्वाचा असतो आणि तो मोफत प्रकारातही दिसतो. राहिली ठिकाणांची संख्या. घर आणि मुलीचे कॉलेज ही दोन ठिकाणे नोंदवली की मुलगी कॉलेजात पोहोचल्याची, तिथून निघाल्याची आणि घरी आल्याची सूचना मिळते. ॲप नोंदवलेल्या ठिकाणाभोवती एक वर्तुळ आखते, त्यामुळे सासरे घरापासून दूर गेल्याची सूचनाही त्याच घराच्या वर्तुळातून मिळते. म्हणजे तुमची गरज आज दोन ठिकाणांत भागते आहे. मुलगा हिंजवडीत ऑफिसात केव्हा पोहोचला याची सूचना रोज यावी, असे त्याला तरी वाटते का, हे त्याला विचारून पाहा. माझ्या मते त्याला रात्री एक फोन करणे अधिक चांगले.

यजमानांना मोठा प्लॅन हवा आहे तो अपघाताच्या भीतीने, आणि खंबाटकीतून किंवा पसरणीच्या घाटातून वारंवार गाडी नेणाऱ्या माणसाच्या घरात ती भीती असणे अगदी स्वाभाविक आहे. पण नेमका हाच भाग सर्वांत काळजीपूर्वक वाचायला हवा. वरच्या प्लॅनमधली आपत्कालीन मदत, गाडी ओढून नेणे, आपली ओळख चोरून होणाऱ्या फसवणुकीविरुद्धचे संरक्षण या सोयी अमेरिकेतली पोलीस, रुग्णवाहिका आणि विमा यांची व्यवस्था डोळ्यांसमोर ठेवून तयार झालेल्या आहेत. पाटणच्या पुढे गाडी बंद पडली तर त्या प्लॅनमधून क्रेन येईल का, हा प्रश्न ॲपच्या ग्राहक सेवेला लेखी विचारावा आणि उत्तरही लेखीच घ्यावे. ते स्पष्ट ‘होय’ नसेल तर त्या सोयीची किंमत तुमच्यासाठी शून्य समजावी. अपघात ओळखण्याच्या सोयीचेही तसेच आहे. लाइफ३६०मध्ये ती मोटारीसाठी असून ताशी सुमारे ४० किलोमीटरच्या पुढच्या वेगाला काम करते. पोवई नाक्याच्या गर्दीत स्कूटरवरून पडलेल्या माणसाची नोंद ती घेईल, अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

त्याऐवजी जे आपल्याकडे खरोखर आहे ते आधी नीट मांडून ठेवावे. महाराष्ट्रात पोलीस आणि इतर तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि राष्ट्रीय महामार्गावर गाडी अडकल्यास १०३३ हे क्रमांक आहेत. पुणे-सातारा-कराड हा सगळा पट्टा राष्ट्रीय महामार्ग ४८ वर येतो, म्हणून हा शेवटचा क्रमांक यजमानांच्या फोनमध्ये आणि गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवलेल्या कागदावर असा दोन्हीकडे असावा. मोटारीच्या विम्यात थोडा जादा हप्ता भरून रस्त्यावरच्या मदतीची जोड घेता येते. त्या मदतीसाठी येणारा माणूस आपल्याकडचाच असतो. ॲपच्या वरच्या प्लॅनच्या वर्षाच्या वर्गणीशी त्या हप्त्याची तुलना करून पाहा, म्हणजे यजमानांनाही निर्णय सोपा जाईल.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत कधीच ठळक लिहिलेली नसते. कोणताही प्लॅन घेतला तरी फोनचे जीपीएस तेच राहते आणि रेंजही तीच राहते. तुमचे पत्र आल्यावर मी गेल्या रविवारी दोन फोन घेऊन कासला गेलो आणि मुलीला सदर बझारमधल्या आमच्या घरी नकाशा उघडून बसवले. एका फोनची सर्व सेटिंग्ज नीट केली होती, दुसऱ्यात बॅटरी वाचवण्याची सोय चालू ठेवली होती. दुसऱ्या फोनचा ठिपका समर्थ मंदिराच्या चौकात जो थांबला तो आम्ही यवतेश्वर ओलांडले तरी तिथेच होता, कारण पडदा बंद होताच फोनने ॲपलाही झोपवले होते. पहिल्या फोनचा ठिपका घाटात वळणावळणाने बरोबर येत राहिला, परंतु पेट्रीच्या पुढे रेंज गेली तसा तोही थांबला आणि त्याच्याखाली ‘१४ मिनिटांपूर्वी’ अशी अक्षरे आली. मुलीने मला नंतर सांगितले की तिने ती अक्षरे आधी पाहिलीच नाहीत. बाबा इतका वेळ एका जागी का थांबले, या विचाराने तिचा जीव वरखाली झाला. परत आल्यावर इतिहास उघडला तेव्हा मधल्या भागाऐवजी एक सरळ रेघ दरी ओलांडून गेलेली दिसली. ॲपकडे दोन टोकांचे दोन बिंदू होते आणि त्याने ते जोडून टाकले होते. तीस दिवसांचा इतिहास विकत घेतला तरी त्यात अशाच रेघा मिळणार, हे मनात असू द्या.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी चारही फोन घेऊन बसा. सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या लोकेशनच्या परवानगीपुढे ‘ॲप वापरत असतानाच’ असे निवडलेले असेल तर ते बदलून ‘नेहमी’ असे करा आणि नेमके ठिकाण देण्याची परवानगीही चालू ठेवा. बॅटरीच्या भागात जाऊन त्या ॲपवरचे निर्बंध काढा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ॲप आपोआप सुरू होऊ देण्याची वेगळी परवानगी असते, तीही द्यावी लागते. ‘ॲप चुकीचे दाखवते, म्हणून मोठा प्लॅन घ्यावा का’ अशा अर्थाची पत्रे माझ्याकडे वरचेवर येतात आणि त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी दोष या तीन सेटिंग्जमध्ये निघतो.

आता सासऱ्यांविषयी, कारण माझ्या दृष्टीने तुमच्या पत्राचा गाभा तोच आहे. ठिकाणाभोवती वर्तुळ आखून त्याबाहेर पडल्याची सूचना देण्याची जी पद्धत आहे, तिच्यात अँड्रॉइड फोनसाठी किमान १०० ते १५० मीटर त्रिज्या ठेवावी, असे गूगलचेच सांगणे आहे. वर्तुळ याहून लहान ठेवले तर माणूस घरात बसलेला असतानाही ‘बाहेर पडले’ अशा खोट्या सूचना येतात आणि चार दिवसांत घरचे लोक त्यांच्याकडे दुर्लक्ष करू लागतात. शिवाय सूचना लगेच येत नाही. ॲप पडद्यावर उघडलेले नसून मागे चालू असताना सरासरी दोन-तीन मिनिटे लागतात, आणि फोन बराच वेळ एका जागी पडून असेल तर सहा मिनिटांपर्यंत उशीर होऊ शकतो. सासरे दुपारभर आरामखुर्चीत बसून मग उठून चालू लागले तर नेमकी हीच स्थिती येते. सहा मिनिटांत सावकाश चालणारा माणूसही तीनशे मीटर जातो, आणि साताऱ्याच्या जुन्या पेठांत तीनशे मीटर म्हणजे चार गल्ल्या आणि दोन चौक. वरचा प्लॅन घेतल्याने हा उशीर कमी होत नाही.

म्हणून सासऱ्यांच्या बाबतीत ॲपला दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. मुळात ते बाहेर पडताना फोन बरोबर नेतात का? नेत नसतील तर सर्वांत महाग प्लॅनही तुम्हाला दिवाणखान्यातल्या टेबलाचेच ठिकाण दाखवत राहील. त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशावर नाव आणि दोन फोन क्रमांक लिहिलेली कापडी पट्टी शिवून घ्या. ज्या रिक्षावाल्याने त्यांना ओळखले त्याच्याकडे, कोपऱ्यावरच्या दूधवाल्याकडे आणि नेहमीच्या देवळातल्या गुरवांकडे तुमचा क्रमांक द्या आणि आजोबा एकटे दिसले तर फोन करा, असे सांगून ठेवा. गोडोलीच्या तळ्यापाशी ते सापडले ते माणसांमुळेच. ज्येष्ठांसाठी सिमकार्ड आणि जीपीएस असलेली मनगटी घड्याळे मिळतात, आणि फोन विसरणाऱ्या माणसासाठी वर्षाच्या वर्गणीपेक्षा तसे घड्याळ हा अधिक उपयोगी खर्च आहे. फक्त ते रोज रात्री चार्जिंगला लावण्याचे काम घरातल्या एका ठरावीक माणसाकडे द्यावे. ब्लूटूथवर चालणारे छोटे टॅग मात्र यासाठी घेऊ नयेत. त्यांना स्वतःचे जीपीएस नसते, आजूबाजूने जाणाऱ्या फोनांच्या आधाराने ते ठिकाण कळवतात, आणि अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर पहाटे फारसे कोणी नसते. विसरण्याबद्दल डॉक्टरांना दाखवले नसेल तर ते याच आठवड्यात करावे.

यजमानांच्या फिरतीसाठी व्हॉट्सॲपचे लाइव्ह लोकेशन पुरेसे आहे. ते १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तासांसाठी देता येते, आणि सकाळी महाबळेश्वरला निघून संध्याकाळी परतणाऱ्या माणसाला आठ तास बहुतेक वेळा पुरतात. गूगल मॅप्समध्येही २०१७पासून ही सोय मोफत आहे आणि ती आपण बंद करीपर्यंत चालू ठेवता येते.

थोडक्यात, मुलीचे म्हणणे मला पटते. तीन महिने मोफत प्रकार वापरा. त्या काळात तिसऱ्या ठिकाणाची गरज खरोखर वारंवार भासली, उदाहरणार्थ मुलीचा क्लास सुरू झाला किंवा सासरे काही दिवस नणंदेकडे राहायला गेले, तर सर्वांत खालचा सशुल्क प्लॅन घ्या आणि तोही महिन्याच्या हिशेबाने. वर्षाची वर्गणी स्वस्त दिसते, पण तुमच्या घरची गरज सहा महिन्यांत बदलणार आहे.

प्रश्न : मी १९ वर्षांची असून कराडला होस्टेलवर राहते. वडिलांनी अशाच ॲपचा मोठा प्लॅन घेतला आहे आणि दर रविवारी ते महिन्याभराचा इतिहास उघडून मी कुठे किती वेळ थांबले हे विचारतात. ॲप काढून टाकले तर ते रागावतील. त्यांची काळजी मला कळते, पण मला गुदमरल्यासारखे होते. मी काय करावे?
(एक विद्यार्थिनी, कराड)

उत्तर : तुमची घुसमट खरी आहे आणि ती बोलून दाखवण्यात वडिलांचा अनादर होत नाही, हे मी मनापासून सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला, आणि २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती आपल्या माहितीविषयीची संमती स्वतः देते. घरात कोणी कायद्याची कलमे वाचून दाखवत नाही, आणि तुम्हीही दाखवू नका, परंतु तुमच्या संमतीला अर्थ आहे हे तुम्हाला ठाऊक असावे.

वडिलांना एक पत्र लिहा. फोनवर हा विषय निघाला की आवाज चढतात. त्यात हे सांगा की रात्री कराडच्या स्टँडवर शेवटच्या गाडीची वाट पाहताना मी कुठे आहे हे तुम्हाला दिसावे असे मलाही वाटते, आणि होस्टेलवर पोहोचल्याची सूचनाही जरूर ठेवा. पण महिन्याच्या इतिहासाचा माझ्या सुरक्षिततेशी संबंध नाही. मग त्यांना खालचा प्लॅन घेण्याची विनंती करा, म्हणजे इतिहास आपोआप कमी दिवसांचा होईल आणि पैसेही वाचतील. लाइफ३६०मध्ये ठरावीक तासांपुरते नेमक्या ठिकाणाऐवजी ढोबळ वर्तुळ दाखवण्याची सोय २०२०मध्ये आली, ती अमेरिकेतल्या तुमच्याच वयाच्या मुलामुलींनी या ॲपविरुद्ध मोठी तक्रार केल्यावर. तुमच्या ॲपमध्ये तशी सोय असेल तर ती केव्हा वापरणार हे वडिलांना आधीच सांगून टाका. आणि त्यांचा ठिपकाही तुम्हाला दिसू द्या, असे सुचवा. दोन्ही बाजूंनी दिसू लागले की रविवारच्या त्या प्रश्नांचा सूर बदलतो, असे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

वडिलांना पटेल असा आणखी एक मुद्दा आहे. हा इतिहास फक्त त्यांच्याच फोनमध्ये राहत नाही, तो कंपनीच्या सर्व्हरवर साठतो. लाइफ३६० आपल्या वापरकर्त्यांच्या ठिकाणांची माहिती, अशा माहितीचा व्यापार करणाऱ्या दलालांना विकत असल्याचे ‘द मार्कअप’ या वृत्तसंस्थेने डिसेंबर २०२१मध्ये उघडकीस आणले, आणि त्यानंतर जानेवारी २०२२मध्ये कंपनीने नेमक्या ठिकाणांची विक्री थांबवत असल्याचे जाहीर केले. मुलगी रोज किती वाजता कुठून जाते याची नोंद जितकी कमी साठेल तितके बरे, हे कोणत्याही वडिलांना समजेल. पैसे भरून घेतलेला प्लॅन असला तरी ॲपच्या प्रायव्हसीच्या भागात जाऊन माहिती इतरांना देण्याच्या परवानग्या आपणच बंद कराव्या लागतात. ते काम रविवारी दोघांनी मिळून करा.

प्रश्न : अशाच एका लोकेशन ॲपचा सात दिवसांचा फ्री ट्रायल घेतला होता. ॲप आवडले नाही म्हणून पाचव्या दिवशी फोनमधून काढून टाकले, तरी आठव्या दिवशी वर्षाची रक्कम खात्यातून गेली. परत मिळेल का?
(एक वाचक, वाई)

उत्तर : फोनमधून ॲप काढल्याने वर्गणी रद्द होत नाही, ती प्ले स्टोअरमध्ये नोंदलेली राहते. प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर दाबा, पेमेंट आणि सबस्क्रिप्शनच्या भागात जा आणि तिथे वर्गणी रद्द करा. पैसे जाऊन ४८ तास झाले नसतील तर गूगलकडे परताव्याची मागणी करता येते. त्याहून अधिक वेळ गेला असेल तर ॲपच्या कंपनीला ईमेल लिहावा आणि त्यात ॲप कोणत्या तारखेनंतर वापरलेले नाही ते नमूद करावे. यूपीआयवरून ऑटो-पे दिले असेल तर तुमच्या यूपीआय ॲपमध्ये जाऊन ती संमतीही रद्द करा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा रक्कम जाईल.

अशा आपोआप होणाऱ्या कपातीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवले पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तसा एसएमएस किंवा ईमेल तुम्हाला आला होता का, हे शोधून पाहा. आलाच नसेल तर बँकेकडे लेखी तक्रार करा. पुन्हा कधी ट्रायल घेतला तर घेतल्या दिवशीच प्ले स्टोअरमध्ये जाऊन तो रद्द करून ठेवा. सर्वसाधारणपणे ट्रायलचे उरलेले दिवस तरीही वापरता येतात आणि आठव्या दिवशी पैसे जात नाहीत.